नावाखालची जागा

पाट्या करून देणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. नवरा सांगत होता आणि दुकानदार लिहून घेत होता.

“नाव झालं. त्याखाली काय घेऊ, साहेब?”

“माझं स्टेटस.”

“म्हणजे हुद्दा?”

“हुद्दा गेल्या महिन्यात संपला. रिटायर झालो.”

“मग ‘निवृत्त’ लिहू?”

“नको हो, अगदीच बिचारं वाटतं ते. दर्जा, मान, प्रतिष्ठा, असं काहीतरी दिसलं पाहिजे. दारात आलेल्याला कळायला नको, आत कोण राहतं ते?”

“अहो, दारात दूधवाला येतो. त्याला काय करायचंय तुमच्या प्रतिष्ठेचं?”

“तू थांब गं. ऑफिसात माझ्या केबिनवर पितळी पाटी होती. माणसं बूट पुसून आत यायची.”

“आपल्याकडे बायका ब्लाउज शिवायला टाकायला येतात. त्या चपला काढूनच येतात.”

“ब्लाउज? वहिनी, म्हणजे पाण्याच्या टाकीसमोर शिवणकाम करता त्या तुम्हीच? आमच्या हिचं सगळं तुमच्याकडेच असतं. मग साहेब, तुम्ही टेलरवहिनींचे मिस्टर होय? आधी सांगायचं ना.”

नवरा काउंटरवरच्या नमुन्याच्या पाट्या चाळू लागला.

“अहो, बोला की. मागे माणसं खोळंबलीत.”

“हिचं नाव वर घ्या. माझं खाली. आणि माझ्या नावाखाली थोडी जागा मोकळी सोडा.”

“मोकळी? तिथे काय येणार, साहेब?”

“बघू, काय मिळतंय ते.”

“घरी गेल्यावर ब्लाउजांना हुक लावायला बसा. नीट लागले, तर हुद्दा मीच देईन.”