सात नंबरची मेंढी आणि शाइलो आजोबांची दुआ

नाव: कालिपा असनोव्हा. वय: ५८. काम: प्राणी संशोधन केंद्रात मेंढ्यांची देखभाल. राहणार: चौथा मजला, बाजारामागची इमारत, बिश्केक.

समक्ष हजर राहून सांगते की, सात नंबरची मेंढी मी चोरलेली नाही. घरी नेली. दोन्हींत फरक आहे.

सदर मेंढीच्या मागच्या पायाची नस डॉ. मेदेर यांनी अभ्यासासाठी कापली आणि दोन टोकांमध्ये एक बारीक नळी शिवली. नळीतून नस पुन्हा वाढते का, ते त्यांना बघायचं होतं. हिवाळाभर मेंढी पाय फरफटत होती. तो पाय रोज मी चोळायचे, दुसरं कोण चोळणार? वसंतात तिनं खूर सरळ टेकला आणि चालली. मला रडू आलं. लिहायचं तर लिहा.

लेकरू चालू लागलं की आपल्यात त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात, शर्यत लावतात आणि जिंकणारा तो दोरा कापतो. साहेब, तुमच्याही घरी झालं असेल. मी तेच केंद्राच्या अंगणात मेंढीचं केलं. कणकेचे बोरसोक तळले. शर्यतीत डॉक्टर शेवटचे आले.

तेवढ्यात केंद्राशेजारी राहणारे शाइलो आजोबा चहाला आले. माणसं जमलीत, मध्ये मेंढी उभी, म्हणजे ही आजच्या पातेल्यातली, असं समजून त्यांनी तळवे वर करून कापण्याआधीची दुआ दिली. आम्ही सवयीनं तोंडावरून हात फिरवून ‘ओमीन’ म्हटलं. डॉक्टरांनीही म्हटलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. दुआ मिळालेलं जनावर कापल्याशिवाय सोडत नाहीत.

मी डॉक्टरांना म्हटलं, "अहो, काहीतरी बोला की."

ते म्हणाले, "कालिपाताई, नस तपासायला तिला सोमवारी मारायचीच होती."

आजोबा म्हणाले, "मग आजच उरका. शिळ्या दुआला चव नसते."

आगीतून फुफाट्यात. सबब मी मेंढी घरी नेली. इमारतीला लिफ्ट नाही. सगळे जिने ती स्वतःच्या पायांनी चढली. बाल्कनीत ओरडली म्हणून शेजारणीनं तुम्हाला फोन केला. बाईला दुसरा उद्योग नाही.

डॉक्टर इथं ठाण्यात तक्रार द्यायला आले होते. जिन्याचं ऐकून तक्रार विसरले. "जिना चढली? पाय अडखळला का?"

"माझा अडखळला," मी म्हटलं. "तिचा नाही."

त्यावर ते म्हणाले की, आता जिन्याचाही अभ्यास करायला हवा, तो होईस्तोवर मेंढीला सुरी लागणार नाही, आणि तो लवकर संपेल असं त्यांना वाटत नाही. राहिले आजोबा. ते साक्षीला आलेत, बाकावर बसलेत. बराच वेळ दाढी खाजवून म्हणाले, "दुआ परत घेता येत नाही. पण दिवस कुठं ठरवला मी? मी आहे तोवर ठरवतही नाही."

आजोबांचं वय चौऱ्याऐंशी आहे. छातीत खरखर आहे. टोपी न घालता हिंडतात. आजपासून त्यांचं दूध, मध आणि लोकरीचे मोजे माझ्याकडे.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरलाय. आता लवकर सोडा, मधाचं दुकान बंद होईल.