टँकरच्या रांगेतलं इंजेक्शन

हसायचं तर हसा, पण आमची आई खरी कशी हाय ते मला टँकरच्या रांगेत कळलं.

दुष्काळाचं साल, मी चोवीसचा. लातूरच्या डॉक्टरनी सांगितलं होतं, अंगात पुरुषी हार्मोन कमी बनतंय, दर तीन आठवड्याला इंजेक्शन घ्यायचं. आईनं शिरूरकडच्या आमच्या गावात सांगून ठेवलं, "पोराला अशक्तपणा हाय."

एका सकाळी मी अन् आई घागरी घेऊन रांगेत उभे. तेवढ्यात गावचा कंपाउंडर पिशवी हलवत आला अन् लांबूनच ओरडला, "अरे, तुझं मर्दपणाचं इंजेक्शन आणलंय!"

सगळी रांग वळली. पुढचे नामदेवकाका म्हणले, "का रं, सुई टोचून गडी होऊन राहिला का?"

माझे कान तापले. घागर खाली ठेवून म्हणलं, "हाव काका. अंगात कमी पडलं, बाहेरून घेऊन राहिलो. तुमची विहीर आटली तर तुम्ही बी घागर घेऊन हितं आलेच ना? मी हसलो का?"

काकांनी तोंड फिरवून आपली घागर पुढं सरकवली. मला वाटलं, आता आई घरी नेऊन झापणार.

आईनं माझी बाही वर सारली अन् कंपाउंडरला म्हणली, "हितंच टोच. नंबर सोडायचा न्हाई आम्हाला."