आगीची तिसरी जागा

नाही, मला एक सांगा, रोज सकाळी नवऱ्याने सॅक भरायची आणि रोज दुपारी बायकोने ती उपसायची, हा काय संसार झाला? लोकांच्या बायका नवऱ्याचे खिसे तपासतात, चिठ्ठ्या सापडतात का बघतात, मी काय शोधते? काड्या! आगकाड्या हो! आणि ह्यांचा सकाळी डोळे उघडल्यावर पहिला शब्द काय, तर "अगं आवर लवकर, निघायचंय!" कुठे निघायचंय? एकदा विचारायची चूक केली. म्हणाले, "कुठे म्हणजे? वर!" आता ह्या वयात नवरा सकाळी सकाळी "वर निघायचंय" म्हणाला की बायकोने काय समजायचं!

तर तुम्हाला सांगते, आमचे हे म्हणजे आठवडाभर शिलाई मशिनं दुरुस्त करायचे आणि सुट्टी आली रे आली की माणसं गोळा करून डोंगरावर न्यायचे. सगळे 'लीडर' म्हणायचे ह्यांना. घरात साखरेचा डबा कुठे आहे ते ठाऊक नाही, पण डोंगरावर लीडर! पुढे मग डोकं दगा द्यायला लागलं. आधी किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, मग माणसं गेली. पोटच्या लेकाला "या साहेब, बसा" म्हणतात. सूनबाईला वाटतं आपलं नाव तरी आठवेल, तर तिला नर्स समजून हात पुढे करतात, घ्या नाडी! एक मीच काय ती राहिलेय. मला अजून "अगं" म्हणतात. हसू नका, त्या एका "अगं"वर माझं चाललंय सगळं.

आणि सॅक राहिलीय. सॅकमध्ये काय असतं म्हणता? टीव्हीचा रिमोट. चहाची गाळणी. एका पायाचा बूट... दुसरा कुठाय, तर फ्रिजमध्ये! पण आगीचं सामान? ते बघावं! काडेपेटी प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून वर रबर लावलेली. कापसाचे बोळे व्हॅसलीनमध्ये मळून डबीत दाबून बसवलेले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, ते म्हणे पावसातही पेटतात. माणूस स्वतःचं जेवण झालं की नाही ते विसरतो हो, पण काडी ओली होऊ नये हे विसरत नाही!

मग एक दिवस मी अंघोळीला गेले. अंघोळीलाही जायचं नाही का माणसाने? बाहेर येते तर दिवाणखान्यात चहाच्या ट्रेमध्ये शेकोटी! बोळे ढणाढणा पेटलेत, पडदा खालून काळा पडत चाललाय आणि हे शांतपणे हात शेकत म्हणतात, "अगं, मंडळी कुडकुडतायत, चहा टाक." मी बादलीभर पाणी ओतलं. तर मलाच ओरडले, "शेकोटी अशी विझवतात का?"

झालं! लेकाचा फोन. "आई, बास आता. पुन्हा असं काही झालं ना, तर बाबांना त्या देखभाल केंद्रात ठेवायचं. तिथे चोवीस तास माणसं असतात. तुझ्याच्याने होत नाहीये हे." आता तो चुकीचं बोलला का? नाही. पण तिथल्या माणसांना हे "अगं" म्हणणार आहेत का? आणि मी इथे एकटी कोणाची सॅक उपसू?

म्हणून मग मी घरातली आग हद्दपार केली. काडेपेट्या बाहेर. गॅसचा लायटर शेजारच्या वहिनींकडे. स्वयंपाकाला आणायचा, झाला की नेऊन द्यायचा. त्या दार उघडतात त्याच, "काय हो काकू, न्यायला आलात की द्यायला?" टॉर्चही लपवला, कारण हे संध्याकाळी समोरच्या खिडकीत उघडझाप करून मदत मागायचे आणि समोरचे गृहस्थ भांडायला यायचे, "तुमचे मिस्टर माझ्या मिसेसला इशारे करतात!" आता ह्यांना स्वतःची मिसेस सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेत, तुमच्या मिसेसचं काय घेऊन बसलात?

पण खरी गोम वेगळीच होती. ह्यांचा एक नियम होता. पहिल्यापासूनचा. नव्या माणसांना हे दरडावून सांगायचे, "आग एका जागी ठेवायची नाही! तीन जागी ठेवायची. एक सॅकमध्ये. एक खिशात. आणि तिसरी अशा जागी, की सॅक दरीत गेली, खिसा फाटला, तरी ती राहिली पाहिजे." सॅक मी रोज उपसत होते, खिसे झाडत होते. पण तिसरी जागा? गाद्या उसवल्या. बुटांचे तळवे उचकटले. टोपीचं अस्तर फाडलं. काही नाही! शेवटी गोडीत विचारलं, "अहो, तुमची तिसरी जागा कुठली हो?" तर मिशीत हसले. "सांगितली तर मग ती तिसरी कसली?" जगातलं सगळं विसरलेला माणूस, आणि गुपित ठेवतोय! डोक्याला हात लावला मी. आणि लेक रोज फोनवर, "आई, तिसरी जागा सापडली का?" "शोधतेय रे." "ती सापडेपर्यंत मला झोप नाही." जसं काही मी इथे घोरत पडलेय!

आणि मग गेल्या महिन्यातली ती संध्याकाळ. बाहेर वादळ, खिडक्या थडथड वाजतायत, आणि फट्... वीज गेली. काळामिट्ट अंधार. मोबाइल? लेकाला "शोधतेय, शोधतेय" सांगण्यात त्याची बॅटरी संपलेली. लायटर वहिनींकडे, वहिनी गेल्या माहेरी. टॉर्च? अहो, विसरायचा आजार ह्यांना, आणि टॉर्च कुठे लपवला ते आठवेना मला! संकटात लागेल ते सगळं सामान ह्या घरात होतं, आणि संकट येईल म्हणून मीच ते घालवलं होतं. मेणबत्ती होती हातात. पण नुसती मेणबत्ती घेऊन काय करू, आरती?

तेवढ्यात दाराची कडी वाजली. हे! सॅक पाठीला लावून बाहेर निघालेले. "मंडळी मागे राहिलीत, हाका ऐकू येतायत, मला जायला हवं..." आवाज कापत होता. मी अंधारात चाचपडत गेले, दंड धरला, "अहो, कोणी नाही मागे, थांबा." दंड सोडवून घ्यायला बघत होते हो. ह्या माणसाला घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला रडू फुटलं. मुसमुसून रडले. अंधारात कोण बघतंय?

आणि माझं रडणं ऐकून हे एकदम ताठ झाले. आवाज बदलला. तो जुना आवाज! "घाबरायचं नाही. उजेड करू आधी." मला खाली बसवलं. माझ्या अंगात माझं जुनं जॅकेट होतं, डोंगरावर न्यायचे तेव्हा घेऊन दिलेलं, घरात थंडीचं घालते मी. त्याची खालची शिवण ह्यांनी बोटांनी चाचपली, दाताने दोरा तोडला आणि आतून प्लास्टिकची बारीक नळी ओढून काढली. मेणात बुडवलेल्या काड्या! आणि खरवडायला काडेपेटीची पट्टी! एका झटक्यात काडी पेटली, मेणबत्ती लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! अख्खं घर उसवलं मी, हेच जॅकेट घालून! हसावं की रडावं ते कळेना. म्हटलं, "अहो, माझ्या जॅकेटमध्ये?"

ह्यांनी मेणबत्ती वर धरली. माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि अदबीने म्हणाले, "माफ करा हं ताई. तुमचं म्हणजे... हे जॅकेट माझ्या बायकोचं आहे. तिच्या शिवणीत ठेवतो मी काड्या. तिला सांगू नका, ओरडेल."

ताई.

मी म्हटलं, "नाही सांगणार."

"सॅक हरवते, खिसा फाटतो," हे म्हणाले, "ती काही हरवायची नाही."

वीज आली, मोबाइल चार्ज झाला, लगेच लेक. "आई, काही कळलं का?" म्हटलं, "सापडली रे. माझ्याच अंगावर होती." खो खो हसला. "टाकल्यास ना काड्या?" टाकल्या की, भिजवून टाकल्या. एकच ठेवली, ती जळकी. शिवणीत परत घालून टाके मारले. "चला, काळजी मिटली!" म्हणाला. म्हटलं, "हो रे बाबा, मिटली." त्याला कशाला सांगू बाकीचं? बाबा घरी राहिले, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठले. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या आधी आवरलं! बूट घातले, जॅकेट घातलं, ऐटीत दाराशी जाऊन उभी राहिले. मागून हे सॅक घेऊन आले, दाराजवळच्या बाकावर बसले. म्हटलं, "चला, आवरलं माझं. निघायचंय ना?"

हे सरकले. मला बसायला जागा केली. "बसा ना ताई. निघायचंय, पण माझी बायको यायचीय अजून. तिला आवरायला फार वेळ लागतो."

म्हटलं, "आपण होऊ पुढे. येईल ती मागून."

"छे छे! तिला सोडून कसं निघणार?"

मग काय, बसले मीही शेजारी! तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं बूट घालून दाराशी बसतो... माझी वाट बघत.