एकच पार्ट बदलायचा होता हो!

तर मला सांगा, मी काय विमान विकत घ्यायला निघाले होते? एकच पार्ट बदलायचा होता हो मला, एकच! कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड. म्हणजे पडद्यावरची चित्रं हलवणारा जो पार्ट असतो ना, तो. दुकानात जायचं, नवा घ्यायचा, बसवून आणायचा, संपला विषय! पण नाही. माझ्या नशिबात सुईत दोरा पहिल्या फटक्यात जाणं लिहिलेलंच नाही.

हसा, हसा. पन्नाशी उलटलेली बाई, अल्टरेशनचं दुकान चालवते, दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते आणि घरी येऊन गेम खेळते, म्हणून हसताय ना? सगळेच हसतात. पण तुम्हाला सांगते, हे खूळ माझं नव्हे, माझ्या लेकीचं. ती नोकरीला गेली लांब, इतकी लांब की आमचं जेवण होतं तेव्हा तिचे दात घासायचे असतात. फोन केला की, "आई, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते." आता तिचं 'नंतर' आणि आमच्या ह्यांचं 'नळ उद्या दुरुस्त करतो', दोन्ही एकाच घराण्यातलं... उगवतच नाही! मग तीच एकदा म्हणाली, "आई, माझा जुना कॉम्प्युटर पडलाय ना घरी, त्यावर खेळ की माझ्याबरोबर." शिकवलं मला. ती ढाल घेऊन पुढे, मी धनुष्य घेऊन मागे, दर रविवारी.

आणि आमचा डबा म्हातारा. गेम उघडला की पडद्यावर ते गोल गोल फिरतं ना, लोडिंग, ते फिरतंय, फिरतंय, फिरतंय... दोघी कानाला हेडफोन लावून बसलेल्या. करणार काय? बोलायचं! दाढ दुखतेय म्हणे, साहेब खडूस आहे म्हणे, एकटीला जेवण जात नाही म्हणे... फोनवर सात जन्मात सांगितलं नसतं पोरीनं. एकदा राक्षस आले की मग बोलणं बंद. मग नुसतं "आई डावीकडे! अगं तुझ्या डावीकडे! आई, मेले ना मी!"

मेली म्हणजे माझ्याच हातून. डबा अडकायचा हो! बाण सोडला तेव्हा समोर राक्षस, पोचला तेव्हा समोर लेक. पोटच्या पोरीच्या पाठीत बाण! आणि वर त्या गेमवाल्यांची सूचना आली, नवीन अपडेट जुन्या कार्डावर चालणार नाही. म्हणजे माझा रविवार गेला! बाकीचे वार काय, लोकांच्या चेन बदलण्यात जातात, पण रविवार गेला तर माझ्याकडे राहिलं काय?

लेक म्हणाली, "मी पाठवते पैसे." म्हटलं, खबरदार! आधी स्वतःच्या दाढेकडे बघ.

गेले दुकानात. तो दुकानदार, गल्लीत सगळे त्याला व्होल्टेज म्हणतात, कारण बोलताना सारखा उडतो. मला बघून म्हणतो कसा, "काकू, मुलाला पाठवा ना, त्याला कळेल." म्हटलं, मुलगा नाही, मुलगी आहे, आणि खेळते मी. तर लगेच उडालाच तो! "कार्ड देतो काकू, पण तुमच्या पॉवर सप्लायला ते झेपणार नाही." आता हा कोण? तर म्हणे सगळ्यांना वीज वाटणारा डबा. बरं बाबा, तोही दे. "पण काकू, प्रोसेसर जुना आहे, बॉटलनेक होईल." कसला नेक? "बाटली मोठी आणि तोंड बारीक. कार्ड धावणार, प्रोसेसर धापा टाकणार." मग बदल प्रोसेसर! "तो तुमच्या मदरबोर्डवर बसत नाही." मग मदरबोर्ड बदल! "बदलू की, पण त्यावर तुमची रॅम बसत नाही." अरे, बाही बदलायला दिली तर खांदा उसवला, खांद्यासाठी पाठ, पाठीसाठी कॉलर... जुन्या शर्टाचं राहिलं काय, बटण? एकच पार्ट बदलायचा होता रे मला!

घरी येऊन भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरमधलाच. वाटलं, शहाण्याला विचारावं. तो म्हणतो, "मामी, बाकीचं सोड, लाइटवाले पंखे घे. आतून निळे, जांभळे, काय दिसतं माहितीये!" म्हटलं, लाइटनं गेम फास्ट होतो का रे? "नाही होत, पण फील येतो." फील! अरे, बाण लागायला हवा की फील यायला हवा? आणि आमचे हे, पेपरातून डोकं न काढता, "अगं, त्यापेक्षा पत्ते खेळा दोघी." पत्ते! ती तिकडे, मी इकडे, पानं काय पोस्टानं वाटू?

शेवटी मी ठरवलं. अंथरूण पाहून पाय पसरायचे. प्रोसेसर राहू दे, टाकू दे धापा, जिना चढताना मीही टाकते. कार्ड घ्यायचं वापरलेलं, वीजवाला डबा घ्यायचा नवा, कारण विजेशी मस्करी नको. कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला, तेवढ्यात व्होल्टेज म्हणतो, "काकू, जुनी हार्ड डिस्क मला द्या, बदल्यात एसएसडी घ्या, म्हणजे नवी, झटपट चालणारी डिस्क, स्वस्तात लावतो. गेम असा उघडेल, असा!" आणि चुटकी वाजवली. आता स्वस्त म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते. म्हटलं, लाव!

"आणि काकू, कार्ड लांब आहे, तुमच्या कॅबिनेटमध्ये, ह्या खोक्यात, मावेल ना? माप घेतलंत?" माप? मला विचारतोस, माप? आख्खी हयात गेली मापं घेण्यात! गळ्यातली टेप काढली, लांबी, रुंदी, उंची, सुताचा फरक नाही. त्यानं कार्ड बसवलं, बसलं चपखल. मी अशी मान ताठ करून उभी. मग त्यानं झाकण लावलं... लागेना! दाबलं, लागेना! कार्डाच्या कडेला वायर लागते, ती बाहेर येते, वळते, ते माझ्या मापात कुठंय? तो म्हणतो, "काकू, वायरीला वळायला जागा सोडायची असते."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. कारण शिवण शिकायला येणाऱ्या प्रत्येकीवर मी ओरडते, अगं माया सोड, माया! शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना आम्ही, उद्या माणूस जाड झाला तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आमच्यात माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही, पण वेळेला तीच उपयोगी पडते. आणि मीच विसरले! झाकण राहिलं उघडं. शेवटी जाळीच्या कापडाचं, इलॅस्टिक लावून कव्हर शिवलं, वारा खेळता राहावा म्हणून. हे म्हणतात, "कॉम्प्युटरला झबलं शिवलंस?" म्हटलं, गप बसा, नाहीतर तुम्हालाही शिवेन.

पण रविवार उजाडला, आणि काय सांगू तुम्हाला! बटण दाबलं, गेम उघडला. असा! गोल फिरायला सुरुवात झाली म्हणेपर्यंत मी आपली धनुष्य घेऊन दारात उभी. "आई, भारीच!" लेक ओरडली. राक्षस आले, सपासप बाण, एकही तिच्या पाठीत नाही, एक गड, दुसरा गड, राक्षसांचा राजा गारद! "मस्त खेळलीस आई! चल, बाय!" आणि गेली.

गेली हो. मी हेडफोन लावून तशीच बसलेली. दाढेचं काय झालं? माहीत नाही. जेवते का नीट? माहीत नाही. साहेब अजून तसाच का? काय माहीत! पदरचे पैसे घालून मी आमचं बोलणंच घालवलं होतं. ते फिरणारं चाक होतं तोवर माझी लेक माझी होती. खोटं कशाला बोलू, रडले मी. एकच पार्ट बदलायचा होता मला, ही एसएसडी कुठून सुचली!

सोमवारी दुकान उघडायच्या आधी व्होल्टेजच्या दारात. म्हटलं, माझी जुनी डिस्क परत बसव. तो माझ्याकडे असा बघतोय... "काकू, तब्येत बरी आहे ना? हळू झालं म्हणून लोक येतात. फास्ट झालं म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." आणि डिस्क? विकली त्यानं! कुणीतरी घेऊन गेला माझा तो सगळा वेळ, आणि त्याला पत्ताही नाही.

आठवडा कसाबसा काढला. रविवारी बसले, नाइलाजानं. दाबलं बटण, उघडला गेम, असा! मी दारात उभी. आणि ही कुठंय? हिचा पत्ता नाही. मग हेडफोनमधून आवाज आला, "आई, थांब हं जरा. माझं लोड होतंय."

म्हटलं, होऊ दे की. सावकाश होऊ दे.

"बरं, दुकान कसं चाललंय? आणि ऐक ना, दाढ काढली गं मी परवा. रडले दवाखान्यात, कुणाला सांगू नकोस..." आणि सुरू झाली पोरगी! साहेबाची बदली झाली म्हणे, शेजारीण स्वतःहून बोलायला येते म्हणे, भात करायला शिकली म्हणे, पहिल्यांदा जळला, दुसऱ्यांदा कच्चा राहिला... मी आपली धनुष्य टेकवून ऐकतेय. हे चहा घेऊन आले, थोडा वेळ उभे राहून ऐकलं, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणतात, "अगं, तिचं मशीन तर नवं कोरं आहे ना? मागच्या महिन्यातच घेतलंय. मग इतका वेळ कसलं लोड होतंय?"

मी माइकवर हात ठेवला आणि म्हटलं, "अहो, हळू बोला! ऐकलं तर दुरुस्त करून आणेल!"