काशीरामकाकांची टाच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मांडवी वाद्यवृंदाचे आश्रयदाते माननीय महिपतराव सुर्वे, पुण्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, वाद्यवृंद संचालक श्री. निहार आगाशे सर, सत्कारमूर्ती आदरणीय काशीराम डोर्लेकर, 'मी कशाला वर?' म्हणत असताना ज्यांना आपण आग्रहाने व्यासपीठावर बसवलं त्या हिराकाकी, माझे सहवादक, आणि बाहेर चहा तयार असल्याचं कळूनही जागा न सोडलेल्या रसिकहो,

निरोपाचं भाषण कार्यवाह म्हणून मीच करावं, असं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं. एकमताने, कारण त्या बैठकीला मी नव्हते.

काकांचा परिचय द्यायचा तो कोणाला? तेहेतीस वर्षं वरातीच्या बँडमध्ये आणि पुढची चौदा वर्षं आपल्या वृंदात त्यांनी क्लॅरिनेट वाजवलं. मांडवीतल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्यांनीच वाजवून दिली आहे. पुढचं ज्याचं त्याने निभावलं.

यंदा आपण मोठा घाट घातला. डिसेंबर ते मार्च चार मैफली, आणि दर मैफलीला नवे पाहुणे संचालक, नवे पाहुणे एकलवादक. 'मान्यवरांच्या समर्थ मार्गदर्शनाखाली वृंद बहरला,' असं वार्षिक अहवालात मीच लिहिलं आहे. पहिल्या मान्यवरांनी सांगितलं, माझ्या छडीकडे बघा. दुसरे म्हणाले, छडीकडे नको, डोळ्यांकडे बघा. तिसऱ्यांनी श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. आम्ही तिघांपुढेही मान डोलावली आणि चौदा वर्षं जिथे लक्ष ठेवत आलो तिथेच ठेवलं. काकांच्या उजव्या टाचेवर.

काका चपला काढून वाजवायला बसतात. त्यांची टाच फळ्यांवर पडली की पुढच्यांना ती दिसते, मागच्यांना ऐकू येते, आणि पंचवीस माणसं एका जागी येतात. मी एकदा विचारलं होतं, "काका, ही सवय बँडमधली का?"

"नाय गो बाय, रापणीतली. बापाबरोबर किनाऱ्यावरनं जाळं ओढायचो. वीस माणसं एका दोरीला. लाटांत कोनाचं तोंड ऐकू येतंय? म्होरच्याची टाच बघायची. ती वाळूत रुतली की आपन ओढायचं."

आता मार्चकडे येते. चौथ्या मैफलीचे पाहुणे संचालक आगाशे सर होते. तालमीत त्यांनी विचारलं, "व्हायोलिनच्या एकलवादनाखाली ही धप् धप् कसली ऐकू येते? काहीतरी करा." सर, तुमची तक्रार रास्तच होती. ते 'काहीतरी' ठरवणारी व्यक्ती चुकली. ती मी.

काकांना तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही. मी घरून एक जुनी गोधडी आणली, तिच्या चार घड्या केल्या आणि मैफलीआधी काकांच्या खुर्चीपुढे, खास मैफलीसाठी अंथरलेल्या गालिच्याखाली सरकवली. त्या दिवशी डायरीत लिहिलं, 'कोणालाही न दुखावता मार्ग काढला.' हे वाक्य पुढे मी बऱ्याचदा वाचलं आहे. अक्षर चांगलं आलं आहे.

मैफलीत काय झालं ते आपण ऐकलंच. तिसऱ्या मिनिटाला काकांची टाच चाचपडू लागली आणि तिच्यामागे आम्ही सगळे. बासऱ्या एकीकडे, तबला दुसरीकडे. सरांची छडी मात्र शेवटपर्यंत अचूक चालली होती, असं पहिल्या रांगेतल्यांनी मला सांगितलं. आमच्यापैकी कोणी तिकडे बघत नव्हतं. अहवालात मी 'काही तांत्रिक कारणाने' असं लिहिलं. गोधडीला तांत्रिक म्हणता येतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पडदा पडल्यावर काका खुर्चीतच होते, टाच हाताने चोळत. म्हणाले, "पायाला भुंय लागली नाय गो." त्यांना साखर आहे. पायाची जाणीव हळूहळू कमी होऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आज गेली वाटतं," ते म्हणाले.

तिथे मी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "काका, चहा आणू का?" आणि आणला. बिनसाखरेचा, आठवणीने.

आठ दिवसांनी त्यांचा राजीनामा आला. 'माझा पाय आता खरं सांगत नाही. तुम्ही सगळे त्याच्यावर विसंबून आहात. तुम्हांला बुडवणं बरं नव्हे.' त्याखाली 'खेदपूर्वक स्वीकृत' हा शेरा माझ्या हातचा आहे. गेल्या आठवड्यात हिराकाकी बाजारात भेटल्या. "दोन महिने झाले, हे वाळूत उतरले नायत. पाय कळत नाय तर पडेन म्हनतात. रोज सुई टोचून बघतात. टोचतंय, वराडतात, तरी इस्वास नाय!"

या समारंभासाठी मी दोन भाषणं लिहिली. कार्यकारिणीने पाहिलं त्यात 'कधीही भरून न येणारी पोकळी' आहे. हे दुसरं.

काका, तुमच्या पायाची जाणीव गेली नव्हती. त्या दिवशी पायाखाली माझी गोधडी होती.

महिपतराव, घंटा वाजवू नका, दोनच मिनिटं. काय म्हणालात काकी? "म्हंजे मी दोन महिने तेल चोळतेय ता फुकट?" हो काकी, फुकट.

पत्रिकेत शेवटी समूहवादन आहे, संचालन आगाशे सर करतील. काकांची खुर्ची मी नेहमीच्या जागी मांडली आहे. गालिचा गुंडाळून विंगेत ठेवला आहे आणि सकाळी त्या फळ्यांवर मी स्वतः अनवाणी चालून आले आहे. 'या, बसा' म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही, म्हणून म्हणत नाही. खुर्ची आहे, एवढंच सांगते.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि ध्वनिक्षेपक दोनदाच बंद पडू देणाऱ्या ओमकारचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते सभेने पोटात घालावं. चार घड्यांच्या गोधडीची माफी मात्र सभेकडे मागून चालणार नाही. ती एकट्या काकांनी द्यायची आहे. नाही दिली, तर डायरीत 'दिली नाही' असंच लिहीन.

काकी, परत बोला, ऐकू आलं नाही. चपला काढल्या?

मग मी व्हायोलिन घेते. धन्यवाद.