आत्याची दोन पाकिटं

अगं, मला हाऊस सर्जनची जागा कशी मिळाली, ते तुला कधी सांगितलंच नाही ना? एमबीबीएस झाले तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो. मला सर्जरी करायची होती आणि घरच्यांना माझं लग्न. शेवटी आत्या म्हणाली, “दोन्हीकडे चिठ्ठी देते. जे आधी जमेल ते.” एक चिठ्ठी तिनं कल्याणच्या स्थळाकडे टपालानं धाडली. दुसरी तिच्या ओळखीच्या सर्जनसाहेबांसाठी माझ्या हातात दिली.

मुलाखतीत साहेबांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, “मुलगी गोरी, शालीन, गोड गळ्याची. शिवण उत्तम.”

पाकिटं बदलली होती! मला वाटलं, गेली जागा. साहेबांनी चष्मा काढला.

“गळ्याचं आम्हाला काही नको. पण शिवण उत्तम आहे ना? मग सोमवारपासून या टाके घालायला.”

मी घरी नाचतच आले. चार दिवसांनी कल्याणहून नकार आला. त्यांच्या हाती पडलेल्या चिठ्ठीत आत्यानं लिहिलं होतं, “मुलगी रक्ताला मुळीच घाबरत नाही. एकदा सुरी हातात देऊन तर बघा.”