देवीकडे रोज काय मागता?

हसू नका, पण बंगळुरूहून शिकून आल्यावर मी अल्लीपुरात डाळमिल टाकली ती गावाला कामाची शिस्त लावायला! तयार डाळ खपत नव्हती, आणि ती निवडणाऱ्या इंदूकाकू रोज दुपारी काम टाकून देवळात. शेवटी मी सुनावलं, "काकू, कामावर श्रद्धा असली की देव वेगळा लागत नाही."

"हो न, भाऊ."

"मग देवीकडे रोज काय मागता?"

"हेच, का मिल बंद नोको पडू देऊ."

मी भारावलो. केवढी निष्ठा! "मग तीच निष्ठा जरा कामात दाखवा."

"काम त मी करूनच राह्यली. पण माल विकाचं तुमच्याकडं आहे न, म्हून देवीले सांगा लागते."

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "काकू, आज देवळात गेल्या नाहीत?"